बाळीवेशीतले घर नीलव्वाच्या नावे

मी, गुरुसिद्धप्पा सातलिंगप्पा हत्तुरे, वय अदमासे पासष्ट, पेन्शनर, पूर्वी सोलापूरच्या दिवाणी कोर्टात कारकून व कानडी-तेलुगूचा दुभाषी, जन्म मैंदर्गीचा, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दम्याने मला हैराण केले आहे, चार पायऱ्या चढलो की बसावे लागते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी घटकाभर वाद घालून पाहावा. मला कोणी दटावलेले नाही, भरीस पाडलेले नाही, आणि नशापाण्याचा अंमल माझ्यावर उभ्या जन्मात चढलेला नाही.

जन्मभर मी कोर्टात दुसऱ्यांचे बोलणे बोललो. कानडी बाई रडत बोलली तर ते मराठीत न रडता सांगायचे आणि स्वतःचे एक अक्षर मध्ये घालायचे नाही, हा दुभाष्याचा नियम. तो मी पाळला. आज स्वतःचे सांगायची पाळी आली आहे, तेव्हा चार अक्षरे जास्त झाली तर वाचणाऱ्याने सोसावे.

कलम पहिले. माझी माणसे. माझी पत्नी शांतव्वा वारली. एकुलता मुलगा चनबसू विषमज्वराने गेला, त्याला मूलबाळ झाले नव्हते. त्याची बायको नीलव्वा माझ्याजवळ राहते. तिचे माहेर अक्कलकोटच्या बाजूचे, पण तिथे आता आईबाप नाहीत. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा चनमल्लप्पा मैंदर्गीस शेती करतो. बाकी जवळचे असे कोणी नाही. मी काही न लिहिता मेलो तर आजच्या कायद्याने घरदार सगळे चनमल्लप्पाकडे जाईल आणि नीलव्वाला पोटगी मागत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. बायकांना वारसा देण्याचे बिल कायदेमंडळात येणार, असे वर्तमानपत्रात वाचतो. येईल तेव्हा येवो. माझा दमा तेवढा थांबणार नाही, म्हणून हे लिहितो.

कलम दुसरे. मैंदर्गीची जमीन वडिलार्जित आहे. तिच्यातला माझा हिस्सा चनमल्लप्पाकडेच जाणार, त्यात माझी तक्रार नाही. तो कष्टाळू आहे, बैलांना मारत नाही, ही गोष्ट मी त्याच्या बाजूने नोंदवतो. माझे इष्टलिंग ठेवण्याची चांदीची डबीही त्यालाच द्यावी, कारण ती आमच्या वडिलांची. घरातले मात्र त्याला एक खुंटीही देत नाही. त्याचे कारण असे की, चनबसूच्या दुखवट्याला तो आला, जेवला, हात धुतला आणि माझ्यादेखत पडवी हाताने मोजली. मग मला म्हणाला, “काका, वयनी आता म्हायेरी जाईल न्हवं?” नीलव्वा दाराआड उभी होती. तिचे तोंड मी पाहिले. मुलगा गेल्याचे दुःख मला होतेच, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा राग आला, आणि तो राग अजून उतरलेला नाही. चनमल्लप्पाने हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. वाटलेच तर ते बरोबर आहे असे समजावे.

कलम तिसरे. बाळीवेशीतले घर, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे आड व शेवग्याचे झाड, हे माझे स्वकष्टार्जित आहे. यात वडिलांचा पैसा नाही व एकत्र कुटुंबाचा संबंध नाही. खरेदीखत माझ्या एकट्याच्या नावे असून ते लोखंडी पेटीत आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडे पुष्कळ चांगली मृत्युपत्रे याच एका वाक्याअभावी बुडालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. माणूस मायेने सगळे लिहितो आणि मिळकत स्वतःची होती एवढेच लिहायचे विसरतो.

कलम चौथे. सदरहू घर मी नीलव्वास देतो.

हे एवढे लिहून भागत नाही. माझे मित्र वेणीमाधवराव कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचे दस्त लिहितात. त्यांनी मला प्रेमाने एक कच्चा मसुदा करून आणला होता. त्यात असे होते की, “सदरहू घरात माझे सुनेने तहहयात राहावे, सदाचाराने वागावे व कुटुंबाची अब्रू सांभाळावी.” मी त्यांना म्हणालो, “राव, हे कोणी सांगितले लिहायला?”

“अहो हत्तुरे, हा चांगुलपणाचा मजकूर आहे,” ते म्हणाले. “सुनेला घर देणारा प्रत्येक सासरा असाच लिहितो. माझे वडीलही असेच लिहीत.”

“म्हणूनच इतके दावे चालतात,” मी म्हणालो. ते रागावले आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, कारण माणूस सज्जन आहे.

आता मी ते शब्द का काढले ते सांगतो. विणकर आळीतल्या एका तेलुगू बाईची जबानी मी सांगितली होती. तिच्या नवऱ्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, बायकोने घरात सुखाने राहावे व उपभोग घ्यावा. किती गोड वाक्य आहे. पुढे बाई आजारी पडली, औषधपाण्यासाठी तिने घरातली एक खोली विकली. पुतण्याने दावा आणला. कोर्टाने सांगितले, राहावे म्हणजे राहावे. त्यात विकण्याचा हक्क येत नाही, बाईचा हक्क हयातीपुरता. विक्री रद्द. नवरा जिवंत असता तर त्याने स्वतः खोली विकून तिचे औषध केले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण तो ‘राहावे’ एवढेच लिहून गेला होता, आणि कोर्टापुढे माणसाचे मन येत नाही, त्याचे शब्द येतात.

सदाचार या शब्दाचे तर नावच नको. एका मृत्युपत्रात तो होता. सुनेने घर सोडावे म्हणून दिराने फिर्याद केली आणि शेजारपाजारचे साक्षीदार उभे केले. बाई नळावर कोणाशी हसली, जत्रेत कोणाबरोबर चालली, डोक्यावरचा पदर कधी खाली आला, हे सगळे मला भर कोर्टात एकेक करून मराठीत सांगावे लागले. ती बाई शेवटी जिंकली. पण निकाल लागेपर्यंत ती खाली मान घालून चालायला शिकली होती, आणि ते काही निकालाने परत मिळत नाही. सासऱ्याने एक चांगला शब्द लिहिला आणि सगळ्या गल्लीच्या हातात काठी दिली.

सबब मी असे लिहितो की, घर नीलव्वास पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने ते वापरावे, भाड्याने द्यावे, गहाण टाकावे, विकावे, दान करावे, पाडून नवे बांधावे किंवा स्वतःच्या मृत्युपत्राने कोणासही द्यावे. कशालाही कोणाची संमती लागणार नाही. तिच्या वागण्याचा या देण्याशी काहीएक संबंध नाही. ती मोठ्याने हसते, तशीच हसो. चनबसू गेल्यावर पुष्कळ दिवस हे घर मुके होते, आणि ती पहिल्यांदा परत हसली तेव्हा मी आडावर जाऊन तोंड धुऊन आलो होतो.

कलम पाचवे. पुनर्विवाह. आम्हा लिंगायतांत विधवेच्या दुसऱ्या लग्नाला उडकी म्हणतात, इतर जातींत पाट म्हणतात. उडकीला जात आडवी येत नाही. सरकारही आडवे येत नाही, कारण सन १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे आहे की, विधवेने लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपतो, जणू ती त्या दिवशी मेली. मृत्युपत्राने हयातीपुरते काही मिळालेले असेल आणि त्यात पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी नसेल, तर तेही जाते. कायद्याने दार उघडले आणि बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातातून घराची किल्ली काढून घेतली.

हे कलम मला पुस्तकात वाचून कळले नाही. यल्लव्वा नावाच्या बाईच्या तोंडून कळले. ती कानडी मुलखातली, नवरा मेल्यावर आठ-दहा वर्षे एकटी राहिली आणि मग एका गाडीवानाशी तिने उडकी लावली. दिराने घरासाठी दावा केला. न्यायाधीशांनी मला सांगितले, तिला विचारा, उडकी केली का. मी कानडीत विचारले. उडकीला माणसे मोजकीच होती, ती नाही म्हणू शकली असती. ती म्हणाली, हो, केली. त्या एका होकाराने दावा संपला.

मग तिने मला विचारले, साहेबांना नव्हे, मला. “यप्पा, त्या घराची माती मी तुडवली, भिंती मी लिंपल्या. मी नवरा केला म्हणून भिंती दुसऱ्याच्या कशा झाल्या?” मी ते मराठीत सांगितले. न्यायाधीश दयाळू होते, त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, कायदा असा आहे. तेही मी तिला कानडीत सांगितले. बाहेर जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, “तुम्ही त्यांना नीट सांगितलेत ना?” मी नीट सांगितले होते. तेच तर दुःख.

म्हणून मी जाहीर करतो की, नीलव्वाने पुनर्विवाह केला तरी घर तिचेच राहील. पुनर्विवाहास माझी स्पष्ट परवानगी आहे. परवानगी हा शब्द लिहिताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण परवानगी देणारा मी कोण? पण कायदा हाच शब्द शोधतो, तेव्हा तो इथे ठळक लिहून ठेवतो. उद्या कोणी वकील म्हणेल की ते कलम नवऱ्याच्या मिळकतीपुरते आहे, सासऱ्याच्या नाही, तेव्हा हे लिहायचे कारणच नव्हते. म्हणो बिचारा. छत्री जवळ असली म्हणून पावसाने पडलेच पाहिजे असे नाही.

कलम सहावे. शिवणाचे यंत्र, त्याचा लाकडी ठोकळा, कात्र्या व खणांचे कापड हे नीलव्वाचे आहे. तिने बायकांच्या चोळ्या शिवून स्वतः घेतले. ते माझे नाही, त्यामुळे मी ते कोणाला देऊ शकत नाही. इथे लिहिले ते एवढ्याचसाठी की, पडवी मोजणाऱ्याने ते मोजू नये. तिचे दागिनेही तसेच. पोस्टातली शिल्लक, तांब्यापितळेची भांडी, लोखंडी पेटी, पाटा-वरवंटा, हे सगळे घराबरोबर तिचेच.

कलम सातवे. नीलव्वाने माझ्या मागे वर्षाच्या आत मिलच्या दवाखान्यातील कंपाउंडर सिद्धाराम यांच्याशी विवाह करावा. चनबसू आजारी असताना हा माणूस रोज संध्याकाळी मिल सुटल्यावर औषध घेऊन यायचा, उशाशी बसायचा, कपाळावरची पट्टी स्वतः बदलायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेले. अजून सणावाराला येतो, माझी नाडी बघतो, आणि नीलव्वाशी बोलताना जमिनीकडे बघतो. विवाह दिवसाउजेडी व्हावा, उडकी म्हणून अंधारात व मागच्या दाराने नव्हे. वाजंत्री लावावी. घरच्या पुढच्या दारातून तिने बाहेर पडावे आणि त्याच दारातून दोघांनी आत यावे. ही माझी शेवटची आज्ञा समजावी.

कलम आठवे. किरकोळ. माझा काळा कोट तिप्पण्णास द्यावा. तिप्पण्णा कोर्टाचा पट्टेवाला होता, पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा. त्याच्या पुकाऱ्यात आडनावाचे हाल व्हायचे, पण आवाज असा की वडाखाली झोपलेला पक्षकारही उठून बसायचा. कोट त्याला पोटावर बसणार नाही, तरी घ्यावा. माझे कानडी, तेलुगू व मराठीचे शब्दकोश कोर्टात नव्याने लागेल त्या दुभाष्यास द्यावेत. त्याला माझा निरोप असा की, साक्षीदार गप्प बसला तर तेही लिहून घ्यायला सांग. एका वकिलाला मात्र मी काहीच ठेवत नाही. नाव लिहीत नाही, ते हयात आहेत. बाया सांगू लागल्या की ते ओरडायचे, “दुभाषी, थोडक्यात सांगा!” बाईने आयुष्य घालवलेले असते, ते थोडक्यात कसे सांगायचे हे त्यांनी मला कधी दाखवले नाही.

कलम नववे. माझे अंत्यविधी लिंगायत रीतीने करावेत. मला बसवून पुरावे, इष्टलिंग तळहातावर द्यावे. जेवणावळीचा मोठा घाट घालू नये. नीलव्वाच्या हातची शेंगाची चटणी पानात असावी, म्हणजे माझ्याबद्दल कोणी वाईट बोलणार नाही.

कलम दहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलव्वाने स्वतः करावी. तिला कागद वाचता येत नाहीत असे कोणी म्हटले, तर वाचून दाखवणारा मिळतो. फसवणार नाही असा माणूस मिळणे कठीण असते, आणि ती तशी आहे.

इथपर्यंत मजकूर काल लिहून झाला. आज सकाळी सही करायची म्हणून वेणीमाधवराव व तिप्पण्णा पडवीत येऊन बसले. मी नीलव्वास हाक मारली आणि बस म्हणालो. तिप्पण्णा म्हणाला, “अण्णा, बाईला कशाला वाचून दावता? मृत्युपत्र मेल्यावर वाचत्यात की.”

पण माझी सवय जुनी. कोर्टात जबानी लिहून झाली की ती ज्याची त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, त्याने बरोबर आहे म्हटले की मगच कागद पुरा. जिच्याबद्दल सगळे लिहिले तिला ते न ऐकवता सही करायला माझा हात धजेना. मी एकेक कलम कानडीत सांगत गेलो. आयुष्यात प्रथमच माझे स्वतःचे बोलणे मी भाषांतर करून सांगत होतो, आणि खरे सांगायचे तर मला थोडा अभिमान वाटत होता.

नीलव्वा शेंगा सोलत ऐकत होती. पडवी मोजल्याचे आले तेव्हा ती हसली. घर पूर्ण मालकीने तिचे, हे आले तेव्हा तिचे हात थांबले. यल्लव्वाचे ऐकून तिने पदर डोळ्याला लावला. सातवे कलम आले आणि तिने सूप बाजूला ठेवले. माझ्याशी कानडीत बोलायची तिची सवय, पण ती साक्षीदारांना कळावे म्हणून मराठीत बोलली.

“मामा, घर मला दिलं म्हणता. मग ह्ये सातवं कलम कुणाला दिलं?”

“तेही तुलाच की,” मी म्हणालो.

“न्हाय. ते सिद्धारामला दिलं. आन् मला बी त्याच्यातच घालून दिलं.”

मी म्हणालो की माणूस चांगला आहे, पारखून लिहिले आहे, मी गेल्यावर तुला कोण?

“चांगला हाय की. लई चांगला हाय. मी कुटं वाईट म्हनते?” ती म्हणाली. मग आवाज न चढवता म्हणाली, “कोर्टात तुमी बायकांला आदी इचारत हुता, मंग त्यांचं बोलनं सांगत हुता. तुमीच सांगितलंय मला. तुमी माजं बोलनं सांगून बी टाकलं. मला इचारलं कवा?”

वेणीमाधवराव दौतीकडे बघू लागले. तिप्पण्णा हळूच म्हणाला, “बरोबर बोलतीया.” त्याला हळू बोलता येते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

जन्मभर मी जे केले नाही ते मी एका कलमात करून बसलो होतो. दुभाषी होऊन साक्षीदाराला न विचारता त्याची जबानी दिली होती. चौथ्या कलमात मी गल्लीच्या हातातली काठी काढून घेतली, आणि सातव्यात तीच काठी मेल्यावर स्वतःच्या हातात राहील अशी सोय केली. मायेने केली, हे खरे. त्या विणकराने आणि त्या सदाचारवाल्या सासऱ्यानेही मायेनेच लिहिले होते.

कायद्याच्या बाजूनेही माझी चूकच. वर्षाच्या आत लग्न करावे असे लिहिले की उद्या चनमल्लप्पाचा वकील उभा राहील आणि म्हणेल, लग्न झाले नाही, अट मोडली, घर परत करा. जिथून चोर येईल ती खिडकी मीच उघडी ठेवली होती, आणि वर वाजंत्रीचे लिहिले होते. परवानगी म्हणजे दार मोकळे असणे, पाठीवर हात ठेवून ढकलणे नव्हे, हे मला त्या शेंगांच्या टरफलांकडे बघताना समजले. तिचा हक्क लग्न करण्याचा आहे, न करण्याचा आहे, याच्याशी करण्याचा आहे, दुसऱ्याशी करण्याचा आहे, आणि यातले काहीही ठरवायला वेळ घेण्याचाही आहे.

सबब साक्षीदारांसमक्ष मी सातव्या कलमावर उभी रेघ मारली. नवीन कागदावर सगळे परत लिहिता आले असते, वेणीमाधवराव तसे म्हणालेही. पण खोडलेले दिसले पाहिजे, म्हणजे कोणी म्हणणार नाही की म्हाताऱ्याच्या मनात असे काही आलेच नव्हते. सातव्या कलमाची खाडाखोड माझी असून मला मंजूर आहे. त्या कलमाच्या जागी पुढीलप्रमाणे समजावे.

नीलव्वा लग्न करो अथवा न करो. कोणाशी, कधी, कोणत्या रीतीने, हे तिने ठरवावे. ती या घरात राहो, दुसरीकडे जाऊन राहो. यातील कोणत्याही गोष्टीने या मृत्युपत्राने दिलेली कोणतीही वस्तू तिच्याकडून जाणार नाही. मी तिला आज्ञा करीत नाही. माझी तिच्यावर माया आहे, एवढे लिहितो. कायद्याला ते लागत नाही, मला लागते.

ही दुरुस्तीही मी तिला कानडीत वाचून दाखवली. तिने बरोबर आहे म्हटले. मग मी तिला म्हणालो, “आता विचारतो, बाळ. तुझ्या मनात काय आहे?”

तिने माझ्याकडे बघितले. डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती. “आता इचारलं, बरं झालं,” ती म्हणाली. “मला वाटंल तवा सांगीन.” आणि सूप उचलून, सगळ्यांना चहा टाकते म्हणून ती आत गेली.

तिचे उत्तर मला माहीत नाही. हे मृत्युपत्र अमलात येण्यास त्याची आवश्यकता नाही.

येणेप्रमाणे मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, वाचून दाखवला व पूर्ण समजून, खुशीने, खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही करीत आहे. त्या दोघांनी माझ्या समोर व एकमेकांसमोर आपापली सही, निशाणी केली आहे.

(सही) गुरुसिद्धप्पा सातलिंगप्पा हत्तुरे
दस्तुर खुद्द

साक्षीदार
१. (सही) वेणीमाधव नारायण जोशी, दस्तलेखक, सोलापूर. सातवे कलम माझ्यासमक्ष खोडले. माझा आधीचा मसुदा मी फाडला आहे.
२. तिप्पण्णा मलकप्पा कोरे, पेन्शनर पट्टेवाला, सोलापूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम सोलापूर, बाळीवेस
तारीख ११ माहे नोव्हेंबर सन १९३४